शकूमावशी आणि तीन पायांचा टीसी

फोन शकूमावशीच्या शेजारच्या भाभींचा होता. सकाळचे आठ वाजले असतील. मी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावत होते. मोबाइलवर भाभींचं नाव दिसलं आणि मी नळ्या खाली ठेवल्या. "टीसी?" मी एवढंच विचारलं. मग त्या म्हणाल्या, "नहीं दीदी, टीसी तो ठीक है... आंटीजी..." मला समजलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मी विचारलं, "खा रहा है ना? खाँसी तो नहीं है?" भाभी रडायला लागल्या, तेव्हा कुठे कळलं की फोन कोणासाठी आहे.

ते सुटल्यासारखं वाटणं मला या महिनाभरात फार छळतं आहे. टीसी म्हणजे शकूमावशीचा कुत्रा. हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा पुढचा एक पाय काढलेला. दोन वर्षं त्या घरातून आलेला प्रत्येक फोन मी त्याच्याच भीतीने उचलला. मी तिथे झोपायची तेव्हा तो रात्री कुशीवर वळला तरी आम्हा दोघींना जाग यायची. आणि मावशी, जिच्यासाठी आम्ही कोणी कधी घाबरलोच नाही, ती चहाचं आधण ठेवून स्वयंपाकघरात खाली बसली, ती उठली नाही. भाभी आत आल्या तेव्हा पाणी आटून भांडं लाल झालं होतं आणि टीसी तिच्या पायाशी भिंतीला टेकून उभा होता.

शकूमावशी माझ्या नात्याची नव्हती. माझे बाबा आमगावकडे रेल्वेत गँगमन होते. तिचे वडील त्याच लाइनीवर एका लहान स्टेशनचे मास्तर. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे सुटीचे अर्ज मास्तरांची ही मुलगी लिहून द्यायची, एवढीच ओळख. पुढे ती रायपूरला रेल्वेच्या ऑफिसात लागली, लग्न केलं नाही, बूढ़ापाऱ्यात तलावामागच्या गल्लीत एक जुनं बैठं घर घेतलं आणि तिथेच राहिली. मी बारावी पास झाले तेव्हा रायपूर नुकतं राजधानी झालं होतं. रोज कुठला ना कुठला रस्ता खोदलेला, ऑफिसांना जागा नाही, पोरींच्या होस्टेलला जागा नाही. बाबा मला पत्र्याच्या पेटीसकट तिच्या दारात घेऊन गेले आणि काय बोलावं ते न सुचून हात जोडून उभे राहिले. मावशीने पेटीचा एक कान धरला नि म्हणाली, "दुसरा धर नं पोट्टे, का मी एकटीच उचलू?" माझ्या घराण्यातली पहिली पदवी त्या घराच्या मागच्या खोलीत झाली. पुढे लॅब टेक्निशियनचा कोर्स झाला, समता कॉलोनीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली, तिथेच जवळ खोली घेतली. पण संध्याकाळची पोळी मात्र मावशीकडेच.

टीसी तिच्या निवृत्तीनंतर आला. बदली होऊन गेलेल्या एका साहेबांनी ठेवून दिलेलं अल्सेशियनच्या वळणाचं धिप्पाड पिल्लू. फाटकातून येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी हुंगल्याशिवाय आत सोडायचा नाही, म्हणून टीसी. "दाखव बापा त्याले तिकीट," मावशी आतून ओरडायची. दूधवाला रोज त्याला कॅनचं झाकण उघडून दाखवायचा.

तो सात वर्षांचा असताना, दिवाळीनंतर, पुढच्या उजव्या पायाने लंगडायला लागला. मावशीने चार दिवस हळद-चुना लावला. मग मनगटाच्या वर सूज आली, ती दगडासारखी टणक. समता कॉलोनीतल्या जनावरांच्या डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म काढली आणि उजेडासमोर धरली. वाळवी लागलेली काठी असते ना, हाडाचं टोक तसं दिसत होतं. डॉक्टर सावकाश, एकेक शब्द तोलून बोलले. पाय खांद्यापासून काढावा लागेल. त्याने वेदना थांबतील. पण या रोगाचं बी बहुतेक वेळा आधीच रक्तातून फुफ्फुसात गेलेलं असतं, डोळ्याला दिसत नाही एवढंच. नुसत्या ऑपरेशनवर ते महिन्यांत बोलत होते, वर्षांत नाही. किमोचं औषध टीसीच्या मूत्रपिंडांना झेपेल याची त्यांना खात्री नव्हती. मग ते म्हणाले की त्यांचा एक वर्गमित्र दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत काम करतो, तिथे कुत्र्याच्या स्वतःच्याच गाठीपासून लस तयार करून बघत आहेत. "गारंटी कुछ नहीं है, आंटीजी. मैं झूठ नहीं बोलूँगा."

"लस तं आधी टोचतात नं?" मावशी मला म्हणाली. "रोग घुसल्यावर कायची लस?" मला जमेल तसं मी सांगितलं. कॅन्सरच्या पेशी आपल्याच अंगातल्या असतात, त्यामुळे शरीराची पहारा देणारी यंत्रणा त्यांना ओळखत नाही. गाठीचा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी निकामी करायच्या आणि त्याच त्याला टोचायच्या, म्हणजे अंगाला चेहरा ओळखीचा होतो. मावशी म्हणाली, "म्हंजे अंगातल्या टीसींले सांगायचं का हा दिसते आपल्या डब्यातला, पण बिनतिकिटाचा हाय." डॉक्टरांना मी हे हिंदीत सांगितलं तेव्हा ते त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले.

अट एकच होती. लसीसाठीचा तुकडा ताजा हवा, जिवंत पेशींचा. मी त्यातलं 'ताजा' एवढंच धरून ठेवलं.

आता मला माझी चूक लिहायची आहे.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांचा एक मदतनीस रजेवर होता. मीच म्हणाले, नमुन्याचं मी बघते, माझं रोजचंच काम आहे. किती ऐटीत म्हणाले होते मी! लॅबमधून दोन बाटल्या भरून नेल्या, एक लहान, एक रुंद तोंडाची मोठी. दोन्हींत फॉर्मल सलाइन, म्हणजे फॉर्मेलिन घातलेलं पाणी. तपासणीला येणारा मांसाचा प्रत्येक तुकडा आम्ही त्यातच टाकतो. त्यात तो सडत नाही, पण त्यातली पेशी जागच्या जागी मरते. ऑपरेशन चालू असताना लाइट गेली, जनरेटर सुरू झाला. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क. ते म्हणाले, "छोटा टुकड़ा फॉर्मल में, बड़ा नॉर्मल में. बर्फ पर रखना." नॉर्मल सलाइन म्हणजे साधं मिठाचं पाणी, दवाखान्यात शिरेतून देतात ते. मला दोन्ही वेळेला फॉर्मलच ऐकू आलं.

मला शंका आली नाही असं नाही. फॉर्मेलिनची बाटली कोणी बर्फावर ठेवत नाही. एक क्षण तोंडावर आलं होतं, सर, फिर से बताइए. पण कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी एकदा असंच विचारलं होतं. "सर, मेरे को समझके नहीं राहिला, वापस बोलो ना," असं काहीतरी. सगळा वर्ग हसला. सरही हसले. त्यानंतर मी पुन्हा कोणाला, काहीही, दुसऱ्यांदा विचारलं नाही. जेवढं कानावर पडेल त्यावर भागवायचं आणि उरलेलं पुस्तकातून काढायचं, अशी सवयच लागली, आणि ती सवय म्हणजे हुशारी असं मी समजत राहिले. मी दोन्ही तुकडे फॉर्मलमध्ये टाकले, मोठी बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली आणि झाकण घट्ट लावलं.

टीसी दवाखान्यातच राहणार होता. काढलेला पाय कचऱ्यात जाईल हे मावशीला सहन होणारं नव्हतं. "तो सात वर्सं चालला त्याच्यावर," ती म्हणाली. डॉक्टरांनी पाय दोन जाड पॉलिथिनमध्ये बांधून दिला, आणि दुपारी बाराच्या सुमाराला आम्ही दोघींनी तो मागच्या बाडीत बिहीच्या, म्हणजे पेरूच्या, झाडाखाली पुरला. बर्फाचा डबा माझ्याबरोबरच होता. डॉक्टरांच्या ओळखीचे एक गृहस्थ संध्याकाळच्या विमानाने जाणार होते, त्यांच्या हाती तो द्यायचा होता. पाच वाजेपर्यंत डबा दवाखान्यात पोचवायचा होता.

दोन वाजता डॉक्टरांचा फोन आला. "नॉर्मल सलाइन वाली बोतल लीक तो नहीं हो रही?"

मी म्हणाले, "नहीं सर."

फोन ठेवला आणि तिथेच उभी राहिले. मावशीने भात वाढता वाढता विचारलं, "काय म्हणे?" मी म्हणाले, "काही नाही." माझ्या कानात नुसतं नॉर्मल, फॉर्मल, नॉर्मल, फॉर्मल चाललं होतं. जेवण गेलं नाही. ऑपरेशनने घाबरली असेल पोरगी, असं मावशीला वाटलं. मी गल्लीच्या तोंडाच्या मेडिकलमध्ये गेले आणि नॉर्मल सलाइनची बाटली घेऊन आले. न्हाणीत जाऊन दार लावलं, मोठ्या बाटलीतलं पाणी ओतून दिलं आणि सलाइन भरलं. हे मी केलं. यात दुसऱ्या कोणाचा हात नाही. पेशी मेलेल्या आहेत हे मला माहीत होतं. लस झाली नसती, तर तिकडच्या माणसांनी कळवलं असतं की तुकडा कामाचा निघाला नाही, आणि माझं नाव कुठेही आलं नसतं. टीसी मेला असता, तर कॅन्सरने मेला असता. इतकं सोपं होतं ते. मी इतकी घाबरले होते की मला ते सुटकेसारखं वाटत होतं.

दार उघडलं तर मावशी समोर उभी. "हा कायचा वास येऊन राहिला व? डोळे झोंबते."

फिनाइल म्हणाले असते तरी चाललं असतं. तिने विश्वास ठेवला असता. माझ्या शिक्षणावर तिचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. पण ती पदराने डोळे पुसत होती, आणि मला वाटलं, हिला मी खोटं सांगितलं तर यापुढे मला या घरात बसायला जागा उरणार नाही... मी सगळं सांगितलं. फॉर्मल, नॉर्मल, डॉक्टरांना दिलेलं उत्तर, मेडिकलमधली बाटली, सगळं. ती भिंतीला धरून खाली बसली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. राग नव्हता त्यात. ती मला ओळखायचा प्रयत्न करत असावी.

मग तिने विचारलं, "किती वाजले?"

"सव्वातीन."

"गाठ सगळी काढून घेतली होती का पायात उरली हाय?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी बी.एस्सी. झालेली, मी लॅबमधली, आणि ते सुचलं तिला. "उरली आहे," मी म्हणाले.

"फावडं आण."

तिने आधी डॉक्टरांना फोन लावला. मी कानात प्राण आणून ऐकत होते. "डॉक्टरसाहब, वो दवाई के पानी में गलती हो गई है." पलीकडून काहीतरी जोरात आलं. मावशी म्हणाली, "किससे क्या... हमारे घर से हुई है. पाँव लेके आ रहे हैं." एवढंच बोलून तिने फोन ठेवला. हमारे घर से. त्या तीन शब्दांवर मी आजवर उभी आहे.

फावडं मी मारत होते, पण पॉलिथिनला धक्का लागेल म्हणून तिने ते काढून घेतलं. सत्तरीला टेकलेली बाई, लुगड्याचा काष्टा खोचून, गुडघ्यावर बसून हातांनी माती उपसत होती. भिंतीपलीकडून भाभींनी डोकावलं. "आंटीजी, अभी तो गाड़ा था, फिर से खोद रहे हो?" मावशीने मान वर न करता उत्तर दिलं, "हव. बोया था, उगा नहीं." भाभी हसल्या. मला हसावं की रडावं ते कळेना. पॉलिथिन शाबूत निघालं. आम्ही ते गाठोडं मांडीवर घेऊन ऑटोत बसलो. माझ्या मांडीवर टीसीच्या पंजाची नखं पॉलिथिनमधून टोचत होती.

डॉक्टरांनी पाय टेबलावर घेतला, बाहेरून धुतला, पुसला आणि हाडाच्या आतून, जिथे माती-हवा काहीच पोचलं नव्हतं, तिथून नवा तुकडा काढला. "ठंड के दिन हैं, इसलिए शायद बच गए. शायद," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "समझ में नहीं आया था तो पूछा क्यों नहीं?" मी नव्या तुकड्याच्या बाटलीवर टीसीच्या नावाची चिठ्ठी लावली. पाच वाजून दहा मिनिटांनी डबा गेला.

मावशीने मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. टीसी घरी आला, त्याची उठबस करायला मी तिथेच राहायला गेले, पण सहा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, आणि बोलायची ती टीसीशी. "टीसी, तिले सांग का दूध तापलं." "टीसी, तिले इचार, गोळी तुले जेवनाआधी का जेवनानंतर. नीट ऐकून घे म्हना." टीसी बिचारा तीन पायांवर डोलत एकदा तिच्याकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. मी न्हाणीत जाऊन रडायची.

सातव्या दिवशी तिने मला हाक मारली. टेबलावर जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं करून ठेवलं होतं, त्यावर पट्टीने चौकटी आखल्या होत्या आणि प्रत्येक चौकटीत दोन अंकी आकडा. शून्य-शून्यपासून नव्याण्णवपर्यंत, पण सगळे उलटसुलट. तिने मला तिच्या बाबांची गोष्ट सांगितली. फाटकावर गेटमन असतो. मास्तर त्याला फोन करतो, गाडी सुटणार आहे, फाटक बंद कर. गेटमनने नुसतं 'हव' म्हणून चालत नाही. ऐकलेला निरोप त्याने परत म्हणून दाखवायचा, फाटक लावायचं, आणि मग त्याच्याजवळच्या कागदावरचा पुढचा आकडा सांगायचा. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. दिलेला आकडा लगेच खोडायचा, तो पुन्हा चालत नाही. आकडा आला तरच निरोप पोचला. "आकडा नाही तं निरोप नाही. निरोप नाही तं गाडी नाही," ती म्हणाली. "माह्या बाबानं एका डावात कोनाचं ऐकलं असं नाही. मास्तर होते तरी म्हनत, परत सांग बापा. त्यात काय इज्जत जाते?"

तेव्हापासून आमचं तसं सुरू झालं. डॉक्टर जे सांगतील ते मी त्यांच्यासमोर परत म्हणायची. पहिल्यांदा जीभ अडखळली, नंतर ते स्वतःच थांबायचे, "हाँ, अब दोहराओ." मग मी मावशीला सांगायची, समोर नाहीतर फोनवर. ती ते शब्द न् शब्द म्हणून दाखवायची आणि कागदावर बघून आकडा द्यायची. "सत्तेचाळीस. लिही." मी वहीत निरोपापुढे सत्तेचाळीस लिहायची, ती कागदावरचा सत्तेचाळीस खोडायची. भाभी म्हणायच्या, "आप लोग कुत्ते का इलाज कर रहे हो कि रेल चला रहे हो?" एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. डॉक्टर महिन्यांत बोलत होते तेव्हा तिने शंभर आकडे मांडले होते.

लस आली. तुकडा जगला होता. कातडीखाली, आठवड्याच्या अंतराने, थोडी थोडी द्यायची होती. पहिल्या डोसनंतर टोचलेल्या जागी सुपारीएवढी गाठ आली आणि टीसीला ताप भरला. तो पाणी पिईना. डॉक्टर म्हणाले, हे होऊ शकतं, अंग जागं होतं आहे, वाट बघा. वाट बघणं म्हणजे काय, ते आम्हाला विचारा. मावशी त्याच्या फासळ्यांवर हात ठेवून बसायची आणि श्वास मोजायची. दर दोन महिन्यांनी छातीची फिल्म. फिल्मच्या आधीच्या आठवड्यात आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. थंडीत सिलतऱ्याच्या कारखान्यांचा काळा धूर शहरावर उतरतो, दोरीवरचे कपडे सकाळी हाताळले तर बोटं काळी होतात. त्या दिवसांत टीसी खोकला की आम्ही एकमेकींकडे बघायचो. धूर आहे की फुफ्फुस? एकदा तो सारखा खोकत होता म्हणून ऑटोत घालून नेला, तर घशात बोराची बी निघाली. मावशी दवाखान्याच्या पायरीवर बसून हसत हसत रडली. "चोरून बोरं खाते, आन् मले मारते!"

दोन वर्षं गेली. टीसी सावरल्यावर मी माझ्या खोलीवर परत गेले होते, संध्याकाळी तेवढी यायची. टीसी तीन पायांवर फाटकापर्यंत उड्या मारत जायचा आणि पुन्हा दूधवाल्याचं तिकीट तपासायचा. लसीने वाचला का? डॉक्टर अजूनही 'हो' म्हणत नाहीत. म्हणतात, असा एकटा कुत्रा काही सिद्ध करत नाही. मी लॅबमध्ये काम करते, मला ते पटतं. मावशीला पटायचं नाही, पण ती वाद घालत नसे. प्रत्येक फिल्मनंतर आकडा द्यायची आणि खोडायची.

जाण्याच्या आठ दिवस आधी तिने फोनवर टीसीच्या गोळ्यांचं विचारून घेतलं, आणि मग सहज म्हणाली, "ओटा चढले तरी धाप लागून राहिली व मले, दोन-तीन दिवसांपासून." मी कामात होते. मी म्हणाले, "धूर किती आहे मावशी, सगळ्यांनाच होतंय." ती म्हणाली, "हव, तेच असन." दोन वर्षं आम्ही दोघी एका छातीला कान लावून बसलो होतो, आणि शेजारची छाती... तो निरोप होता. मी तो परत म्हणून दाखवला नाही. 'ओटा चढल्यावर धाप, दोन-तीन दिवसांपासून', एवढे शब्द जरी मी मोठ्याने उच्चारले असते, तर माझ्या कानांना ते ऐकू आले असते. दुसऱ्या कोणा बाईचे असते तर मी त्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं असतं.

मावशीचा भाचा नागपूरला असतो. त्याने घर तूर्त मला राहायला दिलं आहे, टीसीसाठी. टीसी पहिले काही दिवस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पडून होता, आता जेवतो. गेल्या आठवड्यात त्याची फिल्म होती. मी एकटीच घेऊन गेले. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिले. ते म्हणाले, "साफ़ है." मी म्हणाले, "सर, फिर से बताइए." त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि सावकाश सांगितलं, "दोनों तरफ़ साफ़ है. दो महीने बाद फिर." मी परत म्हणाले, "दोनों तरफ़ साफ़. दो महीने बाद."

घरी आले. वही काढली आणि निरोप लिहिला. कॅलेंडरचं ते पान टेबलाच्या काचेखाली तिने ठेवलं होतं तसंच आहे. एकसष्ट आकडे तिच्या हाताने खोडलेले, एकोणचाळीस उरलेले. पुढचा आकडा मला दिसत होता. हात पेनवर होता. पण आकडा ज्याने निरोप ऐकला त्याने द्यायचा असतो, सांगणाऱ्याने स्वतः उचलून लिहायचा नसतो. टीसी येऊन माझ्या गुडघ्याला टेकून उभा राहिला. मी त्याच्या फासळ्यांवर हात ठेवला, श्वास मोजले, आणि वहीतली ती जागा कोरी ठेवली.